खेड्यांतल्या शाळा कोणाच्या खांद्यावर?

भोईवाडा हें नांव आपण रोज घेतों. पत्त्यावर लिहितों, पाटीवर वाचतों. परंतु त्याचा अर्थ काय, हें विचारणारे विद्यार्थी थोडेच. भोई म्हणजे पालखी किंवा मेणा खांद्यावरून वाहून नेणारा. मासे धरून पोट भरणाऱ्यांसही हेंच नांव आहे. पालखींत बसणाऱ्याचें नांव बखरींत येतें. ज्यांच्या खांद्यावर पालखी चालली त्यांचीं नांवें कोणी लिहून ठेवीत नाहीं. या लेखांत आम्हांस अशाच एका पालखीविषयीं लिहावयाचें आहे. ती पालखी म्हणजे खेड्यांतली प्राथमिक शाळा.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचें मूळ गांव रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, सांगली किंवा कोल्हापूर या जिल्ह्यांत आहे. मे महिन्याच्या सुटींत किंवा गणपतीला आपण गांवीं जातों, तेव्हां देवळाजवळ किंवा वाडीच्या टोकाला एक कौलारू शाळा दिसते. ती तेथें असावयाचीच, असें आपण धरून चालतों. परंतु ती आपोआप उभी राहिलेली नाहीं. कोणी तरी जागा दिली, कोणी तरी छप्पर घातलें, कोणी तरी गुरुजींच्या पगाराची सोय केली. हीं माणसें कोण होतीं व त्यांनीं काय सोसलें, हें समजून घेणें हा आजच्या अभ्यासाचा विषय आहे.

सरकार व खेडें

शाळा चालविणें हें सरकारचें काम, असें आज आपण सहज म्हणतों. पूर्वीं तसें नव्हतें. इंग्रजी अमलांत शहरांतील वरिष्ठ शिक्षणाकडे लक्ष अधिक व खेड्यांकडे कमी, ही तक्रार महात्मा जोतीराव फुले यांनीं सन १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निर्भीडपणें मांडली. त्यांचा मुद्दा साधा होता. सरकारची तिजोरी शेतकऱ्याच्या साऱ्यानें भरते. मग त्या तिजोरींतील विद्येचा वांटा शेतकऱ्याच्या मुलाच्या पदरीं कां पडूं नये? प्राथमिक शिक्षण कांहीं वयापर्यंत सक्तीचें करावें, अशीही मागणी त्यांनीं केली.

पुढें नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं सन १९११ च्या मार्चमध्यें वरिष्ठ कायदेमंडळांत प्राथमिक शिक्षणाचें बिल आणिलें. सन १९१२ सालीं तें १३ विरुद्ध ३८ मतांनीं फेटाळलें गेलें. खर्च झेपणार नाहीं, लोकांची तयारी नाहीं, अशीं कारणें पुढें करण्यांत आलीं. परंतु जें कलकत्त्याच्या कायदेमंडळास झेपलें नाहीं, तें दोन संस्थानिकांनीं आपापल्या राज्यांत करून दाखविलें. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनीं सन १८९३ सालीं अमरेली भागांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग आरंभिला व सन १९०६ सालीं तो सबंध राज्यास लागू केला. कोल्हापूरचे राजर्षि शाहू छत्रपति यांनीं सन १९१७ सालीं मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा जाहीरनामा काढिला. मुलास शाळेंत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला. त्या काळीं एक रुपया ही लहान रक्कम नव्हती, हें पालकांनीं ध्यानांत घ्यावें.

कायदा झाला म्हणजे शाळा झाली असें मात्र नाहीं. हुकूम कचेरींतून निघतो. शाळा गांवांत भरावयाची असते. या दोहोंमधील अंतर ज्यांनीं आपल्या पायांनीं तोडलें, त्यांच्याकडे आतां वळूं.

समुद्रापलीकडून आलेली बाई

सन १८२७ च्या अखेरीस सिंथिया फरार नांवाची एक अविवाहित अमेरिकन बाई मुंबईच्या बंदरांत उतरली. न्यू हॅम्पशायर प्रांतांतील मार्लबरो या लहानशा गांवची ती राहणारी. मुंबईंतील मुलींच्या शाळा पाहण्याचें काम तिच्याकडे होतें. सन १८३९ सालीं ती अहमदनगरास गेली व सन १८६२ सालीं तेथेंच तिनें देह ठेविला. तिला पाठविणाऱ्या मंडळीचा पैसा कांहीं एकट्या धनिकाचा नव्हता. तिकडच्या खेड्यापाड्यांतील साध्या माणसांनीं आठवड्यामागून आठवडा टाकलेल्या लहान देणग्यांचा त्यांत मोठा भाग होता. ज्यांनीं हिंदुस्थान डोळ्यांनीं पाहिला नाहीं, अशा शेतकऱ्यांनीं नगरच्या मुलींच्या पाट्यांचा खर्च सोसला. या बाईंच्या शाळा पाहूनच आपणांस स्त्रीशिक्षणाची प्रेरणा झाली, असें जोतीराव फुले यांनीं सांगितलें आहे. दूरच्या एका खेड्यांतील नाणें नगरास येतें, तेथील शाळा पुण्याच्या एका तरुणास जागें करते, आणि सन १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा निघते. मदतीचा प्रवास असा दूरवर चालतो. देणाऱ्यास त्याचा शेवट दिसतोच असें नाहीं.

पायीं चाललेला विद्यार्थी

महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें नांव स्त्रीशिक्षणाशीं जोडलेलें आहे. परंतु त्यांच्या उतारवयांतील एक मोठा उद्योग खेड्यांतील शाळांसाठीं होता, हें विद्यार्थ्यांस ठाऊक नसतें. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजीं कोंकणांत शेरवली येथें झाला. बाळपण दापोलीजवळच्या मुरूड गांवीं गेलें. सतराव्या वर्षीं एका सरकारी परीक्षेस बसण्यासाठीं ते सोबत्यांसह मुरूडहून साताऱ्यास निघाले. वाट शंभराहून अधिक मैलांची, सह्याद्रीचा घाट चढून जाणारी. आणि वाहन म्हणजे स्वतःचे पाय. परीक्षेच्या ठिकाणीं पोंचल्यावर अधिकाऱ्यांनीं त्यांच्याकडे पाहिलें व 'हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाहीं' म्हणून त्यांस बसूं दिलें नाहीं. इतकें चालून रिकाम्या हातांनीं परत फिरावें लागलें. खेड्यांतील मुलास विद्या किती महाग पडते, हें ज्यास स्वतःच्या पायांच्या फोडांनीं शिकविलें, तो तें कसें विसरेल?

मुंबईंत शिक्षकाचें काम करीत असतांनाच त्यांनीं आपल्या गांवासाठीं 'मुरूड फंड' काढिला. गांवाबाहेर राहून चार पैसे मिळविणाऱ्या मुरूडकरांनीं त्यांतील थोडा अंश गांवाच्या सार्वजनिक कामास द्यावा, ही त्यामागची कल्पना. मुंबईंत राहून गांवासाठीं वर्गणी काढणारीं जीं मंडळें पुढें परळ-लालबागच्या चाळींतून निघालीं, त्यांच्या मुळाशीं हाच विचार आहे.

सन १९३६ सालीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, कर्व्यांनीं 'महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ' स्थापिलें. जिल्हा लोकल बोर्डाची शाळा ज्या खेड्यांत नाहीं, तेथें शाळा काढावयाची, हा मंडळाचा नियम. त्यांचें निवृत्तिवेतन दरमहा सत्तर रुपये. त्यांतून पंधरा रुपये ते या कामास देत. हा हिशेब विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावा. सत्तरांतून पंधरा म्हणजे पांचव्या हिश्श्याहून अधिक. ज्यानें विद्यापीठ उभें केलें, त्यानें म्हातारपणीं आरामखुर्ची न शोधतां, जेथें एकही शाळा नाहीं अशा वाड्या शोधाव्या, यांतच त्या पुरुषाचें मोठेपण आहे. सन १९५८ सालीं त्यांस भारतरत्न पदवी मिळाली. सन १९६२ सालीं, शंभरी ओलांडून, ते निवर्तले.

मूठभर धान्य

सातारा जिल्ह्यांतील आमच्या वाचकांस कर्मवीर भाऊराव पाटील यांचें नांव सांगावयास नको. ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं कऱ्हाड तालुक्यांतील काले या गांवीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली व सन १९२४ सालीं तिचें ठाणें साताऱ्यास नेलें. तेथील वसतिगृहांत सर्व जातींचीं व धर्मांचीं मुलें एका पंक्तीस बसत, आपलें अन्न आपण शिजवीत. ज्या काळीं पाणवठेही वेगळे होते, त्या काळची ही गोष्ट आहे. सन १९२७ सालीं महात्मा गांधी तेथें आले व त्यांच्या हस्तें त्या वसतिगृहास शाहू छत्रपतींचें नांव देण्यांत आलें.

हें सारें चालविण्यास पैसा कोठून आला? शेतकऱ्याजवळ रोकड नसते. परंतु सुगींत धान्य असतें. म्हणून घरोघरीं मूठ मूठ धान्य बाजूस काढून ठेवावें व तें मुलांच्या जेवणासाठीं द्यावें, ही रीत पाडण्यांत आली. मूठभर ज्वारीनें कोणतेंही घर उपाशी राहत नाहीं. पण शंभर घरांच्या मुठींनीं पोतें भरतें. शिवाय जिनें मूठ दिली, ती माउली त्या शाळेस परकी समजत नाहीं.

तरीही कित्येकदां कोठी रिकामी होई. अशा वेळीं भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने एकामागून एक दिले; शेवटीं मंगळसूत्रही मुलांच्या पोटासाठीं मोडावें लागलें. सोंवळ्याओंवळ्याच्या कडक संस्कारांत वाढलेल्या या बाईनें सर्व जातींच्या मुलांस आपलीं मानून वाढिलें. भाऊरावांचा पुतळा पाहतांना लक्ष्मीबाईंचें स्मरण ज्यास होत नाहीं, त्यानें ही संस्था अर्धीच पाहिली, असें आम्हांस वाटतें.

भाऊरावांची दुसरी दृष्टि अशी कीं, इमारतीच्या आधीं शिक्षक पाहिजे. म्हणून सन १९३५ सालीं त्यांनीं साताऱ्यास शिक्षक तयार करणारें विद्यालय काढिलें. सन १९३७ नंतर मुंबई प्रांतांत बाळासाहेब खेर यांचें मंत्रिमंडळ आलें व खाजगी संस्थांनीं खेड्यांत 'व्हॉलंटरी' शाळा चालविल्यास अनुदान देण्याची योजना निघाली, तेव्हां रयत संस्थेपाशीं शिक्षक तयार होते. त्यामुळेंच डोंगरकपारीच्या गांवांतून अशा पांचशेंहून अधिक शाळा तिला चालवितां आल्या. ज्याची तयारी असते, त्यासच संधीचा उपयोग होतो, हा धडा विद्यार्थ्यांनीं यांतून घ्यावा.

गुरांच्या मागें गेलेली शाळा

आतांपर्यंत मुलानें शाळेंत यावें यासाठीं झटणाऱ्यांची हकीगत झाली. परंतु मूल येऊंच शकत नसेल तर? याचें उत्तर श्रीमती ताराबाई मोडक व श्रीमती अनुताई वाघ यांनीं शोधिलें. ताराबाईंचा जन्म सन १८९२ सालीं आपल्या मुंबईंतच झाला. भावनगर येथें गिजुभाई बधेका यांच्या सहवासांत बालशिक्षणाचें काम करून त्या सन १९४५ सालीं बोर्डीस आल्या. त्याच वर्षीं अनुताई त्यांस मिळाल्या. सन १९५७ सालीं हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. हा भाग तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होता, आज पालघर जिल्ह्यांत आहे.

तेथील वारली मुलें सकाळींच गुरें घेऊन रानांत जात. घरीं धाकट्या भावंडास सांभाळीत. शाळेची घंटा ऐकूं येई. पण गाय सोडून कसें यावें? तेव्हां या दोघींनीं मुलांस दोष दिला नाहीं. जेथें गुरें चरतात त्या कुरणांतच त्यांनीं शाळा नेली व तिला 'कुरणशाळा' म्हटलें. लहान मुलांसाठीं अंगणांतच बालवाडी भरविली. बालशिक्षणाचें परदेशी साहित्य महाग होतें. त्याऐवजीं शिंपले, खडे, बिया, पानें व फुलें हींच शिकण्याचीं साधनें झालीं. आधीं मुलांस स्वच्छ न्हाऊं घालावयाचें, नंतर गाणें, मग धडा, असा क्रम असे. सन १९७५ सालीं भारत सरकारनें बालविकासाची योजना देशभर सुरू केली, तेव्हां तिच्या केंद्रांस 'अंगणवाडी' हेंच नांव मिळालें. आज देशांत गांवोगांव अंगणवाड्या आहेत. त्या विचाराचा एक झरा कोसबाडच्या टेकडीवरून निघाला, ही महाराष्ट्रास अभिमानाची गोष्ट आहे.

गिरणीच्या भोंग्याखालीं

आतां आपल्या भोईवाड्याकडे येऊं. परळ, लालबाग, नायगांव, शिवडी या भागांत गिरण्या वाढल्या, तसा कोंकणांतून व घाटावरून माणसांचा ओघ लागला. पुष्कळ जण बायकामुलें गांवीं ठेवून एकटे येत. एका गांवचे दहा-पंधरा जण मिळून एक खोली घेत. पाळीप्रमाणें कामावर जात व पाळीप्रमाणेंच निजत. खानावळींत जेवण, भिंतीवर टांगलेली ट्रंक, एवढाच संसार. महिन्याच्या पगारांतून खोलीचें भाडें व खानावळीचा हिशेब भागला कीं उरलेल्या पैशांची मनिऑर्डर गांवीं जाई. त्या फॉर्मच्या तळाशीं मजकुरास जी थोडी जागा असे, तींत पुष्कळदां हेंच असे कीं, मुलास शाळेंतून काढूं नये.

ज्यास स्वतःस लिहितां येत नसे, तो दुसऱ्याकडून लिहवून घेई. आपल्या मनांतला शब्द परक्याच्या तोंडून जावा, याचें त्यास दुःख होई. आणि म्हणूनच पाळी संपल्यावर कित्येक जण रात्रशाळेच्या बांकावर येऊन बसत. नारायण मल्हार जोशी यांनीं सन १९११ सालीं स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगनें कामगार वस्तींत रात्रशाळा व वाचनालयें चालविलीं. परळचें दामोदर हॉल हें त्या कामाचें ठिकाण आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे.

याच खोल्यांतून ग्रामस्थांचीं मंडळें निघालीं. रविवारीं बैठक भरे. प्रत्येकाची वर्गणी वहींत लिहिली जाई. जो देऊं शकला नाहीं, त्याची बाकी पुढच्या महिन्यास धरली जाई. हा पैसा देवळाच्या जीर्णोद्धारास जाई, पाण्याच्या विहिरीस जाई, तसाच शाळेसही जाई. कौलें शाकारणें, फळा व घड्याळ घेणें, गरीब मुलांस वह्यापुस्तकें देणें, अशीं हीं लहान कामें. यांचा इतिहास छापील ग्रंथांत सांपडत नाहीं. परंतु गांवच्या शाळेच्या भिंतींत एखादी संगमरवरी पाटी बसविलेली असते व तिच्यावर 'मुंबईकर ग्रामस्थ' एवढीं दोन अक्षरें असतात. जे स्वतः चौथीच्या पलीकडे गेले नाहींत, अशांनीं ती पाटी बसविली आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत होते. संप मिटल्याची घोषणा कधींच झाली नाहीं. गिरण्या मात्र एकामागून एक बंद झाल्या. कित्येक कुटुंबें गांवीं परतलीं. संपाचा आघात परळवर झाला, हें सर्वांस दिसलें. परंतु ज्या वाड्यांकडे दर महिन्यास पोस्टमन येत असे, तेथेंही तो आघात पोंचला, हें फार थोड्यांस दिसलें. शहर व खेडें हीं एकाच दोरीचीं दोन टोकें आहेत.

यांतून काय घ्यावें

या हकीगती एकत्र ठेविल्या असतां तीन गोष्टी दिसतात.

पहिली ही कीं, मोठ्या देणगीपेक्षां नेमानें दिलेली लहान मदत अधिक टिकते. कर्व्यांचे पंधरा रुपये, सातारच्या माउलीची मूठ, ग्रामस्थाची महिन्याची वर्गणी, हीं सर्व लहान. परंतु न चुकणारीं. एका दिवशीं वाजत गाजत वाटलेल्या वह्या पावसाळ्याच्या आधीं संपतात; दरमहा येणारा आधार वर्ष पार पाडतो.

दुसरी ही कीं, आधीं माणूस, मग इमारत. गुरुजी टिकले तर झाडाखालींही शाळा भरते; गुरुजी नसले तर पक्क्या इमारतीस कुलूप लागतें. गांवास मदत करणाऱ्यांनीं रंग कोणता द्यावा हें विचारण्यापूर्वीं, शिक्षकास राहावयास खोली आहे कीं नाहीं, हें विचारावें.

तिसरी ही कीं, ज्यांस मदत करावयाची त्यांस आधीं विचारावें. ताराबाई व अनुताई यांनीं मूल कोठें आहे हें पाहिलें व तेथें शाळा नेली. देणाऱ्यानें आपल्या मनांतील शाळा गांवावर लादली, तर ती गांवाची होत नाहीं.

आजचा प्रश्न

सन २००९ चा बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत व सक्तीचें शिक्षण, आणि पहिली ते पांचवीसाठीं वस्तीपासून एक किलोमीटरच्या आंत शाळा, असें त्याच्या नियमांत आहे. फुल्यांनीं सन १८८२ सालीं मागितलें, तें मिळावयास सव्वाशें वर्षें लागलीं.

तथापि पालखी अद्याप खालीं ठेवतां येत नाहीं. गांवें रिकामीं होत आहेत. कित्येक वाड्यांच्या शाळेंत आज दहा-पंधराच मुलें उरलीं आहेत. सन २०२३ सालीं वीसपेक्षां कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा कराव्या, असा विचार राज्य सरकारकडून पुढें आला व त्यावर पुष्कळ वाद झाला. एकत्र शाळेंत अधिक शिक्षक, अधिक सोबती व खेळाचें मैदान मिळेल, हें खरें आहे. परंतु आषाढांत ओढा भरून वाहत असतां सहा वर्षांची मुलगी पलीकडच्या गांवीं कशी जाईल, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. शाळा दूर गेली कीं आधीं मुलींची शाळा सुटते, हें आपल्या आज्या सांगूं शकतील. या प्रश्नाचें उत्तर सर्व ठिकाणीं एकच असणार नाहीं. तें प्रत्येक वाडीची वाट, तिचा ओढा व तिची मुलें पाहूनच द्यावें लागेल. तें उत्तर देतांना गांवचे शहरांत असलेले लोक गप्प राहूं नयेत, एवढेंच आमचें म्हणणें आहे. आपण ज्या शाळेच्या आधारानें येथवर आलों, तिच्याविषयीं बोलण्याचा आपणांस अधिकार आहे, आणि तें आपलें कर्तव्यही आहे.

आमच्या शाळेंतील मुलें मोठीं होऊन कोणी डॉक्टर होतील, कोणी वकील, कोणी कारागीर. त्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, कोणाच्या तरी खांद्यावरून आपण आलों आहों. आपलाही एक खांदा मोकळा ठेवावा.

विद्यार्थ्यांसाठीं अभ्यास

१. आपल्या मूळ गांवची शाळा कोणत्या वर्षीं निघाली व तिची जागा कोणीं दिली, हें घरच्या वडील माणसांस विचारून लिहा.

२. आपल्या गांवचें मुंबईंत मंडळ असल्यास त्याची जुनी वही पाहावयास मागा. शाळेसाठीं केलेला एक तरी खर्च तींतून उतरून घ्या.

३. महर्षि कर्वे यांनीं दिलेला हिस्सा आपल्या खाऊच्या पैशास लावल्यास महिन्यास किती होतात, तें काढा.

४. दहा मुलांची शाळा चालू ठेवावी कीं जवळच्या शाळेंत मिळवावी? दोन्ही बाजूंचीं प्रत्येकीं तीन कारणें लिहा व मगच आपलें मत द्या.